आत वळवलेलं माणिक

अश्रफियेतल्या एका जुन्या घरी दागिन्यांची विक्री होती. मी एका ब्रोचवर हात ठेवला आणि वीज गेली. बैरुतमध्ये वीज जायचं कुणाला नवल! पण माझ्या हातावर आणखी एक हात होता.

"काढा हात," मी म्हटलं.

"कुठे आहे तेच दिसत नाही..." अंधारातून हसरा आवाज आला. "अंजिराचं पान आहे ना? कडेला पाचूचे दवबिंदू?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझ्या आजोबांनी घडवलंय. त्यांच्या दागिन्यांसाठी एकेकाळी अख्खं बैरुत वेडं होतं. पण आवाज इतका गोड आहे, तर – घ्या तुम्हीच. टाचणी सैल आहे, दुरुस्तीला मात्र माझ्याकडेच यायचं."

"आणि नाही आले तर?"

"तर वीज येईपर्यंत हात सोडत नाही."

मेली वीज तेव्हाच आली! समोर दाट भुवया, त्याखाली खट्याळ डोळे. ते माझ्या चेहऱ्यावर रेंगाळले, मग खाली हातावर गेले... आणि चटका बसावा तसा त्याने हात काढून घेतला.

"माफ करा, ताई."

ताई!

त्याचं नाव वारुजान. बुर्ज हम्मूदमध्ये, अर्मेनियन सोनारांच्या गल्लीत त्याचं दुकान. जुने, नामवंत हातांनी घडवलेले दागिने जमवायचं मला वेड, त्यामुळे तिथे जायला निमित्त शोधावं लागलं नाही. ब्रोच दुरुस्त झाला. मग मी हाराची कडी नखाने सैल केली. मग कानातल्याची फिरकी मुद्दाम हरवली. तो डोळ्याला भिंग लावून वाकायचा, कपाळावर केसांची बट यायची, आणि ती मागे सारायला माझी बोटं शिवशिवायची.

"झालं, ताई," तो मान वर न करताच म्हणायचा.

मला रडू यायचं. अंधारात बोलला तो हाच का? रात्री पेटी उघडून मी दागिने पाहत बसे, आणि एकाही खड्यात जीव रमत नसे. मला तो हवा होता, बस्स.

एक दिवस त्याची आत्या, तांत अराक्सी, कॉफी ठेवताना म्हणाली, "आज काय ते दुरुस्त करून घे पोरी. उद्या हा माँट्रियलला चाललाय, भावाकडे. परत यायचं नाव काढत नाही."

कप माझ्या हातात तसाच राहिला. तांत आत गेली. वारुजानने एक मखमली डबी माझ्यापुढे सरकवली. आत अंजिराच्या पानांची कर्णफुलं, माझ्या ब्रोचची जोडीदार.

"आजोबांचीच आहेत. तुमच्या लग्नाचा आहेर."

"माझ्या? कुणाशी?"

"ते मी कसं सांगू?" तो कसंनुसं हसला. "उजव्या हातात साखरपुड्याचं वळं आहे. लग्नात डाव्या हातात जाईल. तेवढं तर मला कळतं..."

मी हाताकडे पाहिलं. साखरपुड्याच्या वळ्यासारखं साधं, सोन्याचं वळं. अगं बाई! मी हात उलटा केला. तळव्याच्या बाजूला, माझ्या जुन्या अंगठीतलं माणिक लखलखत होतं.

"चोरांच्या भीतीने रस्त्यात खडा आत वळवते," मी म्हटलं. "आणि तुमच्यासमोर आलं की सरळ करायची शुद्ध राहत नाही. डाव्या बोटात ही सैल होते, म्हणून उजव्या... भिंग काय फक्त गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलंय?"

"दुसऱ्याची वाग्दत्त वधू भिंगातून पाहायची?"

"म्हणून ताई तरी कितीदा म्हणायचं!"

"जिभेला लगाम हवा होता. नाहीतर दुसरंच काही बोललो असतो."

"मग... आता बोला."

त्याने माझा हात हातात घेतला, अंगठी अलगद फिरवली आणि माणिक पुन्हा तळव्याकडे लपवलं.

"अशीच राहू दे, नायला. भावाला शब्द दिलाय, जावं लागेल. पण ईस्टरला येतो. तोवर लोकांनाही माझ्यासारखंच फसू दे."

तो गेला. मी रोज ती कर्णफुलं घालते. मूठ मिटली की माणिक तळव्याला टोचतं, आणि ईस्टर फार लांब वाटतो. परवा भाजीवाल्याने हाताकडे पाहून विचारलं, "साखरपुडा झाला वाटतं?"

मी म्हटलं, "हो."