करडी पट्टी

सकाळच्या चहाला ऋजुता शिवलकर मनापासून हसली, तसा ओट्यापाशी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याने मान वळवली. ती मयूरेशशीच बोलत होती. फक्त तो मयूरेश टेबलावरच्या टॅबमध्ये होता.

"रत्नागिरीला थांबायचं ते आंब्यांसाठी," टॅबमधला आवाज म्हणत होता. "डिसेंबरात आंबे कुठले? उगाच तिथल्या मिऱ्या बंदरात शिरशील, वायव्येची लाट आत येईल, रात्रभर होडी हिंदकळेल आणि सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी निघशील. त्यापेक्षा जयगडहून पहाटे सूट. जमिनीवरचा मतलई वारा आहे तोवर बाहेर पड आणि दुपारच्या वायव्येवर थेट विजयदुर्ग गाठ. काय, तांडेलीणबाई?"

"पटलं," ऋजुता म्हणाली आणि नकाशावर जयगडपासून विजयदुर्गापर्यंत सरळ रेघ ओढली.

तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. लग्नानंतरच्या पहिल्या सफरीत मयूरेशने बायकोला हे नाव ठेवलं होतं. अलीकडे कित्येक वर्षांत ते त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

"मी काल रत्नागिरीच म्हटलं होतं," उपम्याची बशी टेबलावर ठेवत तो म्हणाला.

"हो, सांगितलं की त्याला."

"कुणाला?"

"तुला. म्हणजे... अरे, कळतंय ना तुला मी काय म्हणतेय ते."

त्याला कळत होतं. टॅबमध्ये त्याचा निर्णयठसा होता. अनुभवी नाविकाच्या डोक्यावर संवेदकांची टोपी चढवून त्याला समुद्रावरचे शेकडो प्रसंग दाखवायचे, तो काय ठरवतो आणि ठरवताना त्याचा मेंदू कशाला किती महत्त्व देतो ते मोजायचं, आणि त्यातून त्याच्यासारखंच ठरवणारं, त्याच्याच ढबीत बोलणारं प्रारूप बनवायचं, अशी ती पद्धत. ठशाला माणसाच्या आठवणी नसत, त्याचे कल मात्र असत. छोट्या होडीतून एकट्याने किनारप्रवास करायचा तर असा एक ठसा सोबत असलाच पाहिजे, असा नियमही आता झाला होता.

मयूरेशचा ठसा घेतला तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी त्याला आतल्या कानाचं दुखणं जडलं आणि पाण्यावर पाय ठेवला की त्याचा तोल जाऊ लागला. दोघांची 'पाकोळी' ही शिडाची होडी तेव्हापासून रेवदंड्याच्या खाडीत बहुतेक बांधूनच होती. या हिवाळ्यात ती घेऊन ऋजुता एकटी वेंगुर्ल्यापर्यंत जाणार होती. दिवसा प्रवास, रात्री मुक्काम. दिघी, हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण आणि वेंगुर्ला. हे सगळे मुक्काम टॅबमधल्या त्या दुसऱ्याने ठरवले होते.

परका पुरुष असता तर त्याच्यात खोड काढता आली असती, असं मयूरेशला वाटे. याच्यात काय खोड काढणार? तीच कोटी करण्याची सवय, तोच वाक्य अर्धवट सोडण्याचा चावटपणा, फक्त मधल्या आठ वर्षांची धास्ती नाही. ऋजुता टॅब घेऊन धक्क्यावर जायची आणि उन्हं उतरल्यावर ताजीतवानी होऊन परतायची. जेवताना तिला समुद्राबद्दल काही विचारलं, तर ती सौम्यपणे, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलायची.

"दाभोळच्या तोंडाशी यंदा किती गाळ आलाय, ते त्याला माहीत तरी आहे का?" एकदा त्याने विचारलं.

"खोलीचे ताजे आकडे रोज घेतो तो."

"आकडे वेगळे, पाणी वेगळं, ऋजू."

"तुम्हा दोघांचं एकच म्हणणं. तोही हेच म्हणतो," ती हसून म्हणाली. ते हसू त्याला लागलं.

दुसऱ्या दिवशी औषधं आणायला जातो म्हणून तो अलिबागला गेला आणि ठसा-केंद्राची पायरी चढला. तिथल्या तंत्रज्ञ निलोफर मुकादम यांनी त्याचा अर्ज वाचला.

"नूतनीकरण? करता येईल. ठसा तुमचा, हक्क तुमचाच. पण जुना राहत नाही हं, शिवलकर. एका माणसाचे दोन ठसे आम्ही ठेवत नाही. मागे ठेवायचो, पण घरोघर भांडणं लागली."

"कसली भांडणं?"

"खरा कोण याची." टोपीच्या तारा सरळ करत त्या म्हणाल्या, "घरी विचारलंय ना?"

"माझ्याच डोक्याबद्दल घरी काय विचारायचं?"

निलोफरबाईंनी टोपी त्याच्या डोक्यावर चढवली. सगळा दिवस त्याने लाटा, ढग, खडक आणि बंदरांचे दिवे पाहण्यात घालवला. घरी येताना त्याला हलकं वाटत होतं. आता ती टॅबशी बोलली, तरी त्याच्याशीच बोलणार होती.

ऋजुताने त्याला हाक मारली ती दुसऱ्या सकाळी.

"मयूरेश, इकडे ये."

तिचा आवाज चढलेला नव्हता. पडद्यावर नवा आराखडा होता. दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड आणि त्याखाली पूर्णगड.

"पूर्णगडाला कोण थांबतं? तोंडाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीला त्यावर लाट फुटली, तर 'पाकोळी' उलटीपालटी होईल. हे तूच शिकवलंस ना मला?"

मयूरेश पडद्याकडे पाहत राहिला. प्रत्येक मुक्कामाखाली एक आडवी पट्टी होती. ठशाने कशाला किती वजन दिलं, ते तिच्यात रंगांनी दाखवलेलं असे. वारा पांढरा, पाणी निळं, तळ तपकिरी, आणि या तिघांत न बसणारं सगळं करड्या रंगात 'इतर' म्हणून. पूर्णगडाची पट्टी जवळपास सगळी करडी होती.

"इतरमध्ये काय आहे?" ऋजुताने टॅबला विचारलं.

उत्तर आलं ते मयूरेशच्या आजच्या आवाजात, जरा जड, जरा संथ. "जयगड ते विजयदुर्ग अख्खा दिवस तू दिसत नाहीस. पूर्णगडाच्या किल्ल्यावरून शीड दिसतं. पावस गावावरून रस्ता आहे. मी आधी पोचतो."

ऋजुता मयूरेशकडे वळली.

"तू किल्ल्यावर येणार होतास?"

"नाही. असं काही मी ठरवलंच नव्हतं."

"त्याने ठरवलंय."

"ऋजू, तुझ्या जिवाला धोका होईल असं मी कशाला..."

"तू मुद्दाम नाही करणार. तू फक्त मला डोळ्यांसमोर ठेवशील. मग खाली दांडा असो, नाहीतर खडक." तिने पडदा मागे सरकवला. जुना आराखडा त्यात अजून होता. तो आखणारा तेवढा नव्हता. "पुसून टाकलास त्याला. मला न विचारता."

"मग बघ, नीट बघ," मयूरेशचा तोल गेला. त्याने पट्ट्यांवर बोट आपटलं. "पांढरं, निळं, तपकिरी. करडा ठिपका तरी आहे का? त्याच्या आराखड्यात तू कुठेच नाहीस! आणि त्याच्याशी खिदळत बसायचीस."

"विचारलं होतं मी त्याला. म्हटलं, माझा काही विचार केलास की नाही? तर म्हणाला, तुझा कसला विचार करायचा? वाऱ्याचा करतो. तू तर आहेसच."

"आणि ते तुला आवडलं?"

"खूप."

तो खुर्चीत बसला. बाहेर खाडीतून एक मचवा इंजिनाचा आवाज करत गेला.

"दुसऱ्या कुणाचा ठसा घे," तो शेवटी म्हणाला. "केंद्रात मिळतात. मालवणच्या एका बाईंचा फार चांगला आहे म्हणतात."

ऋजुताने विचार केला. "नको. तुझाच नेते. निदान त्याची पट्टी दिसते. आपल्या बोलण्यात ती कधी दिसलीच नाही."

ठरल्या दिवशी ती निघाली. दिघी झालं, हर्णै झालं, जयगड झालं. ठशाने बाणकोट आणि दाभोळ सुचवलं तेव्हा तिने पट्टी पाहिली आणि आपला जुना मुक्काम कायम ठेवला. रोज संध्याकाळी ती फोन करून एवढंच सांगत असे, की नांगर टाकला.

जयगडहून ती पहाटे सुटली, पण मतलई वारा लवकर पडला आणि दुपारपर्यंत 'पाकोळी' जागच्या जागी डुलत राहिली. मग वायव्येचा वारा आला तो अंदाजापेक्षा बराच जोरात. उन्हं कलताना ती पूर्णगडासमोर होती. विजयदुर्ग गाठेपर्यंत काळोख होणार होता.

मयूरेशचा फोन वाजला.

"वारा वाढलाय," तिचा आवाज वाऱ्यात तुटत होता. "ठसा म्हणतो पूर्णगडात शीर. पट्टी निम्मी करडी आहे, पण या वेळी निम्मी निळी-पांढरीही आहे. तू कुठे आहेस?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "किल्ल्यावर."

ती चिडली नाही. "वाटलंच. मग वरून बघून सांग. दांड्यावर फुटतंय का? आत येऊ की पुढे जाऊ?"

त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली. खाडीच्या तोंडाशी एक लाट उभी राहिली, पांढरी झाली आणि कोसळली. मग पाणी सपाट झालं आणि सपाटच राहिलं. सावध हाताने होडी आत काढावी, इतका वेळ राहिलं. मग पुन्हा एक पांढरी रेघ. पलीकडे समुद्र काळसर झाला होता. आत येणं जमण्यासारखं होतं आणि पुढे जाणंही.

"मयूरेश?"

"पुढे जा," तो म्हणाला. "शीड निम्मं उतरव आणि थेट विजयदुर्ग. तुला काय होतंय!"

उत्तर चटकन आलं होतं. आवाज हलका, बेफिकीर. आजारानंतर त्याने स्वतःच्या तोंडून असा आवाज ऐकला नव्हता.

मग ऋजुता म्हणाली, "बरं." तिच्या आवाजात आनंद होता. मयूरेशने तो ओळखला, आणि त्या आनंदानेच तो धास्तावला.

शीड दक्षिणेकडे वळलं आणि लहान होऊ लागलं. खाली दांड्यावरचं पाणी आता बराच वेळ शांत होतं. मयूरेशने फोन पुन्हा कानाजवळ नेला, पण संपर्क तुटला होता. पुढे जा हे त्याने पाणी पाहून सांगितलं होतं, की पुसून टाकलेल्या त्या माणसापेक्षा आपण कमी दिसू नये म्हणून? आणि हे ती विजयदुर्गाला पोचायच्या आत त्याला कोण सांगणार होतं?