सपाटीवर चढाचा गिअर

"जीप आहे का तवा हो ही? माझ्या तळपायाची पोळी होऊन राहिली!"

चुन्नीलाल शेठ पुटपुटले ते कुणी ऐकावं म्हणून नव्हे. पण पाण्यानं भरलेली पितळी गुंडी घेऊन फुलवंता नेमकी त्यांच्या गुडघ्याशी उभी होती. हसू लपवायला तिनं पदर ओठांत धरला... आणि पदराआडून हळूच ड्रायव्हरकडे पाहिलं. तो आधीपासूनच बघत होता.

चौपन्न सालची ही गोष्ट. देवरीहून चिचगडला जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर जंगलखात्याचा नाका होता आणि फुलवंताचे वडील धनीराम तिथले नाकेदार. नाक्यापुढे दम काढणारा चढ. शेठ लाकडाचे ठेकेदार, त्यांची जीप लष्करानं मोडीत काढलेली, आणि ड्रायव्हर जागेश्वर गोंदियाचा. कानामागे विडी कायम, पेटवलेली मात्र कुणी पाहिली नाही.

फुलवंतानं गुंडी उचलून शेठच्या पायांशी तापलेल्या गिअरबॉक्सवर थेट ओतायला घेतली, तर जागेश्वरनं तिचं मनगटच धरलं.

"अवं थांब! तडकते ना ते!"

"लोखंड तडकते?"

"तापल्यावर कोनी बी तडकते. पयले थांबाचं... मंग ओलं पोतं ठेवाचं."

"किती थांबाचं?"

"घाई हाये का तुले?"

"मले नाही. मनगटाले हाये."

तापलं लोखंड धरल्यासारखा त्यानं हात सोडला.

मग दर बुधवारी जीप नाक्यावर तापूनच येऊ लागली. शेठ मोहाखाली बसून टोपीनं वारा घेत. धनीराम परवाना वाचत. पुढून वाचून झाला की मागची कोरी बाजूही तितक्याच लक्ष देऊन वाचत. आणि इकडे दोघं जण गिअरबॉक्स निवायची वाट बघत... तो लवकर निवू नये असं मनात म्हणत. पुढे त्या रस्त्यानं किती गाड्या आल्या-गेल्या. पण गरम लोखंडावर ओल्या पोत्याचा तो चर्र आवाज, तो करपट वास — तो गेला तो गेलाच.

फाल्गुनात फुलवंता बोडीच्या, तिथल्या लहान तळ्याच्या, पाळीवर मोह वेचत होती. तिथून खालचा दोन मैलांचा सपाट रस्ता दिसतो. जीप गुणगुणत आली, पळसाशी थांबली, जागेश्वरनं चढाचा गिअर टाकला आणि बिचारी तिथून जी रडत निघाली, ती थेट नाक्यापर्यंत. शेठना गाडीतलं भोंग्यापलीकडे काही कळत नसे. ते टोपी तोंडावर घेऊन डुलत होते.

चढाचा गिअर... सपाटीवर! फुलवंता इतकी हसली, की टोपलीतला मोह सांडला. पण बोलली नाही ती कुणाजवळ.

वैशाखातल्या बुधवारी शेठ उतरले ते पाय झटकतच.

"बस हो गया, नाकेदार! ही आमची शेवटची खेप. ही जीप भंगारात देतो. ट्रक घेतो, तो कोहमाऱ्याच्या मोठ्या सडकेनं जाईल. या रस्त्याले रामराम!"

फुलवंताच्या हातातल्या पोत्यातून पाणी ठिबकत राहिलं. जागेश्वर आपल्या चपलांकडे बघत होता. खरं सांगावं तर नोकरी जाणार. न सांगावं तर हा रस्ता.

"शेठजी..." त्यानं कानामागची विडी काढली, पुन्हा ठेवली. "जीप इकू नका. तिच्यात खोट नाही. मीच तापवून आनतो. सपाटीवर चढाचा गिअर टाकून."

"पागल झाला का बे? काऊन?"

धनीरामनं परवाना उलटून कोऱ्या बाजूत डोकं घातलं. शेठ एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिले.

"सांग ना बे! कोनासाठी माझे पाय भाजले सहा महिने?"

थांबायला त्यानंच शिकवलं होतं. पण थांबायचं तरी किती? फुलवंता पुढे झाली. पोतं तिनं गिअरबॉक्सवर ठेवलं, चर्र झालं, वाफ तिच्या तोंडावर आली.

"माह्यासाठी," ती म्हणाली. "अन् पोतं मी सकाळपासूनच भिजवून ठेवलं हाये."