मुंगळा आणि दोन खडकांमधलं तळं

ओट्यावरची स्टीलची वाटी किणकिणली.

सकाळपासून घरात कुणी धड बोलत नव्हतं, म्हणून तो एवढासा आवाज तिघांनाही ऐकू आला. वाटी थांबली. पुन्हा किणकिणली, थांबून थांबून, कुणीतरी दार वाजवावं तशी.

"मुंगळा," माझी लेक चार्वी म्हणाली.

मुंगळा हा आमचा खोदणारा यंत्रमानव. मांजराएवढा, सहा पायांचा. माझे सासरे, आबा, भूवैज्ञानिक (जमिनीच्या पोटाचा अभ्यास करणारे). चार्वी रांगत होती तेव्हा आबांनी तो घरीच बनवला, आणि दोघं एकदमच चालायला शिकली. टेकडीवरच्या आमच्या घरामागे पाणी शोधायला तो काल काळ्या खडकात उतरला होता. आज सकाळी त्याच्या कॅमेऱ्यातून पडद्यावर हिरवट चिखल दिसला, वरून काही कोसळलं आणि चित्र गेलं. आता तोच खडकात खोल गेलेल्या जुन्या, आटलेल्या बोअरच्या पाइपावर ठोके देत होता, आणि ते नळापर्यंत येऊन वाटी हलवत होते. म्हणजे तो शाबूत होता. मी स्टूल ओढून बसलेच.

पण त्याची बॅटरी संध्याकाळपर्यंतच पुरणार होती, आणि वर यायची वाट बुजली होती.

चार्वीला वेगळाच प्रश्न पडला. मुंगळा कठीण भिंतींना पाय टेकवून चालतो. चिखलात त्याचे पाय रुतले, हे कळलं. पण काळ्या खडकाच्या आत चिखल आला कुठून?

आबांनी न जेवता ठेवलेलं ताट पुढे ओढलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडल्या, ते सांगू लागले. त्यांतून लाव्हा (वितळलेला खडक) वाहत आला आणि थिजला. तोच हा काळा खडक, बेसॉल्ट. मग त्यांनी भाताचा बांध केला आणि ताट तिरकं करून वरण ओतलं. वरण बांधामागे तुंबलं.

"थिजलेल्या लाव्हानं ओढा असाच अडवला, नि मागे तळं झालं. पुढचा लाव्हा यायला कधी कधी हजारो वर्षं लागायची. तोवर पाऊस खडक झिजवायचा, ज्वालामुखीची राख उडून यायची. वाहतं पाणी गाळ पुढे नेतं. थांबलं की गाळ खाली बसतो."

"वरणातल्या डाळीसारखा?"

"तसाच. थरावर थर. त्याला अवसाद (पाण्यानं किंवा वाऱ्यानं आणून टाकलेला गाळ) म्हणायचं. मग नवा लाव्हा आला, तो थेट तळ्यावर." त्यांनी वर पोळी पसरली. "ज्वालामुखीनंच तळं केलं, त्यानंच राख पुरवली, त्यानंच झाकण घातलं."

चार्वी ताटाच्या कडेकडे बघत राहिली. पोळीखालून वरण बाहेर ओघळत होतं.

पोळ्याचे बैल घडवायला आम्ही खदानीतून माती आणतो, ती हळूच म्हणाली. तीही हिरवट असते. तिच्या वर काळा दगड, खालीही काळा दगड.

आबांनी ताट खाली ठेवलं. "सूनबाई, आता माझी खुर्ची हिला द्या."

टेकडीच्या पायथ्याची खदान त्याच थराला कापून गेलेली होती. मुंगळ्यानं वर यायचंच नाही, खालच्या कठीण खडकाला पाय टेकवत मऊ थरातून आडवं जायचं, उगवतीकडे. लपाछपीत दोघांनी ठरवलेल्या ठोक्यांच्या खुणा चार्वीला पाठ होत्या. तिनं नळावर कलथा वाजवला. बराच वेळ काहीच नाही. मग वाटी एकदाच किणकिणली: कळलं.

आम्ही खदानीत जाऊन त्या हिरवट पट्ट्यासमोर बसलो. ऊन कलायला लागलं. आणि मग मातीचं एक ढेकूळ सुटलं, त्यामागून एक पाय आला, मग दुसरा. चार्वी त्याला चिखलासकट बिलगली. आबा त्याला बराच वेळ रागे भरत राहिले, डोळे पुसत. आज मी तिला मळलेल्या फ्रॉकवरून काही म्हटलं नाही.

मुंगळ्याच्या नांगीत काहीतरी अडकलं होतं. नखाएवढा शंख, दगड झालेला. तळ्यातल्या गोगलगाईचा जीवाश्म (जुन्या जिवाचा दगडात उरलेला अवशेष). या टेकडीत अशी आणखी तळी असतील, आबा म्हणाले, आणि त्याचे वाकलेले पाय दुरुस्त झाले की मुंगळा नि चार्वी मिळून ती शोधतील.

चार्वीनं शंख माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटली.

"आई, वरून लाव्हा आला तेव्हा ही गोगलगाय तिथे नव्हतीच, की शंखात जाऊन लपली होती?"