तिसऱ्या वळणावर बोलणं सक्तीचं

समरचं आणि माझं जमलं.

हे वाक्य इथे यायला नको होतं. तुम्ही ते वाचलेलं नाही, मी लिहिलेलं नाही, आणि समर नावाच्या कुणालाही मी ओळखत नाही. आत्ता ऑक्टोबर आहे. साउथहॅम्प्टनच्या एका टेकडीच्या पायथ्याशी मी भाड्याचे स्की-बूट घालून उभी आहे. बूट इतके घट्ट, की फिजिओथेरपिस्ट असूनही माझे घोटे नेमके कुठे आहेत हे मला सांगता येत नाहीये.

टेकडीवर बर्फ नाही. हे आधीच सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. टेकडीवर प्लास्टिकचा ब्रश अंथरलाय. भांडी घासायचा असतो तसाच, फक्त शंभरेक मीटर लांब. घसरायला सोपं जावं म्हणून त्यावर जमिनीतून फवारे उडत असतात. म्हणजे वरून पाऊस नसला तरी खालून असतोच. इंग्लंडने तेवढी एक दिशा मोकळी ठेवली होती, तीही गेली.

"इरावती, मजा येईल गं," माझी फ्लॅटमेट सुचेता म्हणाली होती. मी मूळची सांगलीची. आमच्याकडे बर्फ गोळ्यात असतो आणि त्यावर काला खट्टा असतो. पण म्हटलं, चला.

वर जायला एक तार फिरत असते. तिला काठ्या लटकलेल्या, काठीच्या टोकाला बशीएवढी चकती. ती दोन पायांत धरून उभं राहायचं, मग ती तुम्हाला ओढत नेते. बसायचं नाही. तशी भली मोठी पाटीही आहे.

मी बसले.

पुढचं फार वेगात झालं. मी मागे गेले, मागचा माणूस खाली गेला, मी त्याच्यावर गेले आणि माझ्या तोंडून "अगं आई गं!" गेलं.

खालून आवाज आला, "एक्सक्यूज मी... तुम्ही मराठी?"

"तुम्हाला लागलं का?"

"माझी अंगठा..." तो म्हणाला. "आय थिंक, माझी अंगठा तुमच्या खाली आहे."

आता, हॉस्पिटलमध्ये मी हातांवरच काम करते. दिवसभर लोकांचे अंगठे बघते. त्यामुळे त्या ओल्या ब्रशवर बसल्या बसल्या मी त्याचा ग्लव्ह काढला, अंगठा दाबला, वाकवला, फिरवला. हात गरम होता. हे निरीक्षण पूर्णपणे वैद्यकीय होतं. डोळे तपकिरी होते. हेही.

"इथे दुखतंय?"

"नो."

"इथे?"

"नो."

"मग तोंड असं का झालंय?"

"तुम्ही हात सोडला नाही अजून..." तो म्हणाला. "नॉट कम्प्लेनिंग."

तर हा समर. इंग्लंडातच, मेडनहेडला जन्मलेला, इथल्या बंदरावर कुठला कंटेनर कुठल्या कंटेनरवर ठेवायचा हे ठरवणारा. मराठी त्याच्या आईकडून आलेली. स्त्रीलिंग-पुल्लिंग मात्र तो लॉटरी काढून वाटायचा.

"गुरुवारी ये," तो म्हणाला. "गुरुवारी इथे सारेन आहे."

"सारेन कोण?"

तो हसला. मी गुरुवारी गेले, ते फक्त ही सारेन कोण आहे आणि दिसायला कशी आहे ते बघायला.

सारेन हा फ्रान्समधला सोळा किलोमीटरचा उतार निघाला. गुरुवारच्या क्लबचा नियम असा, की दर आठवड्याला एकाने जगातला आपला सर्वात आवडता उतार सांगायचा. मग ती संध्याकाळभर आमची टेकडी म्हणजे तो उतार. सांगणारा जे जे सांगेल ते ते सगळ्यांनी करायचं. नियम मॉरीनचा. मॉरीनचं वय सत्तरीच्या पुढे, आणि फवाऱ्यांचा नळ तिच्या ताब्यात, त्यामुळे तिच्याशी कुणी वाद घालत नसे.

"डावीकडे ग्लेशियर!" समर ओरडला. आम्ही सगळ्यांनी कार पार्ककडे पाहून आ वासला. "उजवीकडे दरी! खाली बघू नका!" निवृत्त डेंटिस्ट शशिधरकाकांनी छातीवर हात ठेवला आणि मिनी गोल्फकडे अजिबात बघितलं नाही. मी पडले. एकदा ग्लेशियरमध्ये आणि दोनदा दरीत. आणि देवाशप्पथ सांगते, मला थंडी वाजली!

मग काय, सगळे गुरुवार गेलेच. नोव्हेंबरात आम्ही ऑस्ट्रियाची जीवघेणी श्ट्राइफ उतरलो, तिच्या नुसत्या नावाने सुचेता रडली. कॅनडातल्या व्हिसलरला अस्वल येतं म्हणून सगळे थांबलो. अस्वल म्हणजे मॉरीनचा कुत्रा. शशिधरकाकांचं गुलमर्ग तर असं रंगलं, की खाली पोचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पण खरी गोष्ट वर जाताना घडायची. चकती एकेकाला ओढते. पुढे मी, मागे समर. मागे वळून बघितलं की पडायला होतं. त्यामुळे त्या अख्ख्या हिवाळ्यात समर माझ्या पाठीशी बोलला. आईने पाठवलेल्या डिंकाच्या लाडवांबद्दल, क्रेनवरून दिसणाऱ्या सूर्यास्ताबद्दल, मी "अं" म्हणते ते हो असतं की नाही याबद्दल. मागून येणारा तो आवाज... फवाऱ्याचं पाणी मानेवर उडायचं, आणि नेमका कशामुळे काटा आला ते कळायचं नाही.

"तुझ्या पाठ फार छान ऐकते," तो एकदा म्हणाला.

"तुझी पाठ."

"माझी नाही, तुझ्या."

आणि जानेवारीत मला इन्व्हर्नेसच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली. चांगली, पक्की, मी दोन वर्षं जिच्या मागे होते ती. इन्व्हर्नेस स्कॉटलंडमध्ये आहे. म्हणजे पार वर. म्हणजे नकाशाची घडी उघडून पलटायला लागते इतकं वर.

मी चकतीवरून समरला सांगितलं. श्वास रोखून, पुढे बघत.

मागून त्याची काठी तारेवर खडखडली. मग, "ओह... नाइस. तिथून केर्नगॉर्मचा डोंगर जवळ आहे. खरा बर्फ."

आणि वर पोचेपर्यंत तो केर्नगॉर्मच्या वाऱ्याबद्दल बोलला. वाऱ्याबद्दल! मला इतका राग आला, की त्या दिवशी मी पहिल्यांदा न पडता खाली आले.

"अगं, मग तूच विचार ना त्याला," सुचेता म्हणाली.

"मी का? सोळा किलोमीटर तोंडपाठ आहेत त्याला. एक वाक्य येत नाही?"

माझ्या शेवटच्या गुरुवारी उतार सांगायची पाळी माझी होती. मी या टेकडीखेरीज कुठेच स्की केलेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे मी गहिवरून "माझा आवडता उतार हाच!" म्हणणार, अशी तमाम क्लबची खात्री होती. मॉरीनने टिश्यू वाटून ठेवले होते.

"माझा आवडता उतार इन्व्हर्नेसच्या पलीकडे आहे," मी म्हणाले. "नकाशात नाही. पहिलं वळण सोपं. दुसऱ्यावर मेंढ्या. तिसऱ्या वळणावर, जे इतके दिवस बोलायचं राहिलंय ते मोठ्याने बोलायचं. नाही बोललं तर वरून हिमकडा कोसळतो आणि सगळे मरतात."

फवारे तेवढे सुरू.

"नियम म्हणजे नियम," मॉरीन म्हणाली आणि पहिली सुटली. मेंढ्यांना वळसा घालून तिसऱ्या वळणावर ती किंचाळली, "मला स्कीइंग आवडत नाही! मी कॅफेतल्या चिप्ससाठी येते!"

"इरा, तुझ्या आईच्या हातचं लोणचं मी संपवलं!" सुचेता ओरडली. "बरणी घरमालकाने फोडली नाही!"

शशिधरकाका वळणावर थांबले. हेल्मेट काढलं. "गुलमर्गला मी फक्त रोपवेच्या गोंडोल्यात बसलो आणि वर जाऊन मॅगी खाल्ली," ते म्हणाले. "स्की केलंच नाही. मला माफ करा." आणि वीस वर्षांनी तरुण होऊन खाली गेले.

उरले आम्ही दोघं. मी तिसऱ्या वळणावर जाऊन उभी राहिले. समर आला, मेंढ्यांतून सरळ, आणि माझ्यापुढे कसाबसा थांबला. चष्म्यावर पाणी. ओठ हलले. काही नाही.

"समर, हिमकडा."

"आय नो! आय नो. मी... तू अशी समोर असलीस की मला येत नाही." त्याने बोटाने गोल फिरवलं. "पाठ कर ना. प्लीज."

मी वळले. छातीत असं धडधडत होतं, की खऱ्या बर्फावर खरंच काहीतरी कोसळलं असतं.

"ख्रिसमसला मी फ्रान्सला गेलो," मागून आवाज आला, माझ्या ओळखीचा, हलका. "लिफ्टवर पुढे एक जर्मन माणूस होता. मी सगळा वेळ त्याच्या पाठीशी बोललो. मराठीत. तुझ्या सवय लागली मला. त्याने... त्याने तक्रार केली, इरा."

मी हसायला लागले. हसताना रडूही येत होतं.

"तू गेलीस तर मी कुणाच्या पाठीशी बोलू? तू आवडतेस मला. फार. ऑक्टोबरपासून. नोकरी घे, जा, थांबू नको. मी येतो. दर दुसऱ्या शुक्रवारी. विमानाने, ट्रेनने, काही नसेल तर कंटेनरमध्ये बसून. चालेल?"

"अं," मी म्हणाले.

"ते हो आहे की नाही?"

मी वळले. वळल्यावर पडायला होतं हे मला ठाऊक होतं, पण या वेळी त्याने धरलं. "हो आहे," मी त्याच्या जॅकेटमध्ये म्हणाले. "सगळंच हो आहे."

खालून मॉरीनने नळ पूर्ण उघडला. टिश्यू वाया गेले नाहीत.

आता मी इन्व्हर्नेसला, तो साउथहॅम्प्टनला, आणि आजचा शुक्रवार पहिला आहे, दुसरा नाही. म्हणून खालील अर्ज आजच पोस्टात टाकला:

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय, वाहतूक विभाग, लंडन.

विषय: ग्रेट ब्रिटन बेटाची लांबी कमी करणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते, की सदर बेट मधोमध दुमडून इन्व्हर्नेस व साउथहॅम्प्टन ही दोन शहरे एकमेकांस लागून आणण्यात यावीत. घडीत येणाऱ्या बर्मिंगहॅमच्या रहिवाशांना आगाऊ सूचना द्यावी; तेथे माझी मावशी राहते व तिला अचानक काही झालेले आवडत नाही. काम येत्या गुरुवारपूर्वी पूर्ण करून तसे अर्जदारास कळविण्यात यावे, ही विनंती.