गोड्या विहिरीचे मासे

प्रितेशकाकाचं लग्न झालं ते वर्ष २०२३. एप्रिलच्या अखेरीस लग्न लागलं आणि मांडव उतरून आठवडा होतो न होतो तोच नंदाखाल गावातल्या घरात माशांसाठी काचेची टाकी आली. ओवीच्या बाबांनीच ती आणली, पण अट घालून.

"जून उजाडेपर्यंत मासे जगवून दाखवायचे. नाही जगले तर टाकी परत. घरात तडफडणारे जीव मला बघवणार नाहीत."

टाकीपुढे तिघांची सभा भरली. ओवी नुकतीच सातवीत गेली होती. तिचा आतेभाऊ उमंग विरारच्या टॉवरमधून सुट्टीला आला होता. तिसरी स्टेफी, ओवीच्या वर्गातली, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली.

"सॉल्टवॉटरवाली करूया," उमंग म्हणाला. "नारंगी मासे, पांढरे पट्टे. एकदम भारी."

"आनि खारं पानी कोन भरनार? तुमच्या टॉवरचा टँकर?" स्टेफी म्हणाली. "माझे पप्पा जन्मभर खाऱ्यात उभे आहेत. आता घरात पण तेच?"

"कोळ्याची पोर असून तुला मासे आवडत नाहीत?"

"आवडतात की. तव्यावर."

निवाडा नरहरी आजोबांकडे गेला; बाबा आणि काका आपल्या या वडिलांना दादा म्हणत. फेब्रुवारीत खुब्याचं हाड मोडल्यापासून ते ओट्यावरच्या खाटेवर पडून असायचे. वाडीतल्या केळी तिथून दिसत, विहीर मात्र दिसत नसे.

"आपली विहीर गोडी आहे," आजोबा म्हणाले. "इथे जमिनीखाली सगळं खारंच. गोडं पाणी त्याच्यावर तरंगतं, दुधावरच्या सायीसारखं. माझा बाप सांगायचा, साय खावी, तळाला हात घालू नये. तुम्ही गोड्याचेच मासे आणा. खाऱ्याला घरात बोलावू नये."

वसई स्टेशनजवळच्या दुकानातून सहा निऑन आणि चार काळे मॉली आले. निऑन म्हणजे बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळी-लाल रेघ. ओवी दर तिसऱ्या दिवशी थोडं पाणी काढायची आणि विहिरीच्या नळाचं ताजं पाणी घालायची. दहा दिवस छान गेले. अकराव्या सकाळी एक निऑन तळाशी आडवा पडला होता. तीन दिवसांनी दुसरा गेला. ओवीने खाणं कमी केलं, टाकी उन्हातून हलवली, तरी तिसरा मासा वर येऊन तोंड उघडत राहिला. ती काचेला नाक लावून बसली. याहून काय करायचं ते तिला कळेना.

स्टेफीने टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"मीठ आहे यात."

दोघींनी उमंगकडे पाहिलं.

"मी नाही टाकलं," तो म्हणाला.

"खारी टाकी तुलाच हवी होती ना?" ओवीच्या तोंडून निघून गेलं.

उमंग आत गेला आणि बॅग भरू लागला. "सगळे हेच म्हणणार," तो म्हणाला. "मामाला पण हेच वाटणार. मी जातो घरी."

"थांब," ओवी म्हणाली. "आजचं पाणी मी एकटी भरते. तू टाकीजवळ येऊच नकोस. उद्या बघू."

तिने बादली भरली, स्वतः ओतली. दुसऱ्या दिवशी तो तिसरा आणि आणखी दोन निऑन मेले होते. स्टेफीने मग बादलीतलं उरलेलं पाणी चाखलं. तेही मचूळ. घरात प्यायला-रांधायला फिल्टरचं पाणी असे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"टाकीत कोनी काही नाही टाकलं," ती म्हणाली. "पानीच तसं येतंय."

ओवी उमंगच्या बॅगेतले कपडे एकेक करून बाहेर काढू लागली. "चुकलं माझं," ती म्हणाली.

"इस्त्री मोडू नको," उमंग म्हणाला. तेवढ्यावर भांडण मिटलं.

तिघं विहिरीवर गेले. स्टेफीने बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी बांधली. बाटली हवी तिथवर सोडायची आणि मग बुचाची दोरी ओढायची. वरचं पाणी जरासं मचूळ लागलं. तळाचं जिभेवर धरवेना.

"तो दुसरा पाईप कसला?" उमंगने वाकून विचारलं.

आजोबांचा जुना पाईप पाण्यात थोडासाच उतरला होता. त्याच्या बाजूने नवा काळा पाईप सरळ तळाच्या भोकात शिरला होता. त्याला लग्नाच्या मांडवाची पिवळी दोरी बांधलेली होती.

"काकाला विचारलं तर उन्हाळा आहे म्हणेल," ओवी म्हणाली. "केळीच्या पानांच्या कडा करपल्या तेव्हाही तो हेच म्हणाला."

संध्याकाळी तिने प्रितेशकाकाला आजोबांच्या खाटेशी सरबताचा ग्लास दिला. त्याने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ केवढं घातलंस गं?"

"मीठ घातलंच नाही, काका. साखर, लिंबू आणि आपल्या विहिरीचं पाणी."

आजोबांनी ग्लास मागून घेतला, ओठाला लावला.

"प्रितेश, तळाला बोअर मारलीस?"

"दोनशे माणसं येणार होती, दादा. मुलीकडच्यांसमोर पाणी कमी पडलं तर लाज गेली असती. तुम्ही आडवे पडलेले. लग्न झालं की काढणार होतो. मग पंप जोरात चालतोय म्हणून राहिलं."

आजोबा ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं, असं ओवीला वाटलं.

"मी महिनाभर इथून पंप ऐकतोय," ते म्हणाले. "मला कळलं नाही. या पोरांना कळलं. शाबास रे. तुझी जीभ तर सोन्याची आहे, स्टेफी."

"बोअर बंद केली की होईल ना गोडं?" ओवीने विचारलं.

"पाऊस ठरवील. आपण फक्त तळाला हात लावायचा नाही."

काकाने दुसऱ्याच दिवशी पाईप उपटला. शेवटचा निऑन त्या दुपारीच गेला. मॉली मात्र मजेत होते. ते मचूळ पाण्यातही राहतात, असं दुकानदाराने सांगितलं. जून उजाडला तेव्हा बाबांनी टाकीत डोकावून चार काळे मासे मोजले आणि टाकी राहू दिली.

दोन पावसाळे आले. केळी निम्म्या उरल्या. शेवटी शेवटी आजोबांनी फिल्टरचं पाणी नको म्हटलं, विहिरीचंच मागितलं. ओवीने बादली हलकेच टेकवून वरवरचं पाणी काढलं. त्यांनी एक घोट घेतला आणि तिच्या हातावर थोपटलं. गोडं की मचूळ, ते त्यांनी सांगितलं नाही.

नरहरी आजोबा १९ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी वारले.