बारावा

कुवेतमधल्या वफ्रा भागातल्या एका शेतावर सकाळी सहाला गिनती व्हायची. मुकादम महादेव फौजेतून सुटून इथे आलेला. जित्याची खोड ती, जाते कुठे? अकरा मजूर काकडीच्या शेडसमोर रांगेत उभे राहायचे, एकेक जण आपला आकडा बोलायचा आणि मगच कामाला लागायचा. मजूर हसायचे, पण बोलायचे.

१९९८ सालच्या धनत्रयोदशीला अकराच्या नंतर आवाज आला, "बारा."

"कोण रे तो शहाणा?" महादेवने विचारलं.

रांगेच्या टोकाला श्रीवर्धनचा हुसेन उभा होता. तो म्हणाला, "भाऊ, माझ्या बाजूला कोन नाय."

दुसऱ्या दिवशीही तेच. दिवाळीच्या सकाळी महादेव स्वतः हुसेनच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आवाज त्याच्या खांद्यापाशी आला, आणि त्याबरोबर कुजक्या पाल्याचा, चिखलाचा वास. वफ्र्यात सहा महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता. आणि तो 'बारा' लांबवत म्हणायची तऱ्हा! फौजेत अख्खी तुकडी त्या तऱ्हेची टिंगल करायची. गंगारामची तऱ्हा ती.

गंगाराम म्हणजे महादेवचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, रत्नमालाचा, धाकटा भाऊ. संगमेश्वराकडच्या एकाच गावचे दोघे, आणि श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेतही एकाच तुकडीत. अकरा वर्षांपूर्वी ताडांच्या बनात, भर पावसात माघार घेताना महादेवने खांद्याला हात लावत बारा जवान मोजले आणि वर कळवलं, सगळे हजर. घाईत त्याने स्वतःलाही मोजलं होतं. तासाभराने चूक कळली: बारावा, गंगाराम, मागेच राहिला होता. तोवर मागे जायची वाट बंद झाली होती.

सरकारी कागदावर 'बेपत्ता' आलं. महादेवने चुकीबद्दल बायकोला अवाक्षर सांगितलं नाही. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. रत्नमालाने ते कधी केलं नाही. "बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे," म्हणायची, आणि दर वर्षी रिकामा पाट मांडून दारात बसायची. ते बघवेना म्हणून तर महादेव इतक्या लांब आला होता.

भाऊबीजेच्या सकाळी 'बारा' ऐकू आलं तेव्हा त्याचा बांध फुटला. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "गंग्या, चुकलो रे मी. आता इथे थांबू नको. घरी जा, ती वाट बघतेय."

पुन्हा गिनती घेतली. अकरावरच थांबली. हुसेनने कानांना हात लावले आणि गुपचूप काकड्या तोडायला गेला.

दुपारच्या सुट्टीत महादेव बकाल्यातल्या, म्हणजे जवळच्या किराणा दुकानातल्या, फोनपाशी गेला. आज सांगायचंच, मग तिने तोंड बघितलं नाही तरी चालेल.

"रत्ना, तुला एक सांगायचंय. गंगारामचं—"

"अहो, तुमाला कसं कळलं?" ती हसत होती. अकरा वर्षांत त्याने तिचं हसू ऐकलं नव्हतं. "आलाय तो! सकाळी दारात उभा. किती वाळलाय ओ. पाटावर बसवलाय त्येला."

महादेवने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"बोलत काय नाय. खात पन नाय. दमला असंल."

"रत्ना, त्याला हात लावलास?"

"ओवाळते तर हाय. पन कपाळावर अक्षता ठरतच नायत. तीनदा लावल्या, तीनदा पाटावर पडल्या. धरा हां, तांदूळ भिजवून आनते."

तिने रिसीव्हर टेबलावर ठेवला. तिच्या बांगड्यांचा आवाज आत स्वयंपाकघराकडे गेला.

मग कुणीतरी रिसीव्हर उचलला, आणि महादेव काय सांगतो त्याची वाट बघत राहिलं.