झोक्यावरची स्टेपनी

फैजपूर-सावदा रस्त्यावर, केळीच्या बागेच्या कडेला, एक लाल गाडी एका अंगावर कलून उभी होती. आणि तिच्याशेजारी तिचा मालक तिच्याहून जास्त कललेला. ऊन असं, की कोंबडी रस्ता ओलांडायला निघाली तर पलीकडे भाजूनच पोचावी. (मी वाढवून सांगत नाही. कोंबडीच्या मालकानं मला स्वतः सांगितलंय.)

गाडी जर्मन. शर्यतीच्या जातीची, दोन दारांची, दोनच माणसांची, वीसेक वर्षांपूर्वीची. आणि इतकी बुटकी, की शेजारून बैलगाडी गेली तर बैलांनी तिच्या टपावर हनुवटी टेकून विसावा घ्यावा.

हेमांगीनं स्कूटी थांबवली. चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. पण ते डोळे… असो. त्या गाडीमालकाचं, ललितचं, पुढं काय व्हायचं ते त्या डोळ्यांनी तिथंच ठरवून टाकलं. त्याला कळायला जरा वेळ लागला, एवढंच.

"पंक्चर?"

"नाही हो. गाडी जरा विसावलीय. उन्हाची सवय नाही तिला."

"आणि तुम्हाला?"

"मी धुळ्याचा. आम्हाला पाचवीलाच पुजलेलं असतं ऊन."

"मग स्टेपनी लावा आणि निघा की."

ललितनं कपाळ पुसलं. मान पुसली. पुसायला आणखी काही उरलं नाही तेव्हा म्हणाला, "स्टेपनी — नाहीये."

तिनं स्कार्फ खाली ओढला. आता हसूही दिसलं. "अय्या! आमच्या केळीच्या टेम्पोलासुद्धा असते. बघू डिकी."

त्यानं गाडीचं पुढचं झाकण उघडलं. हेमांगीनं आत डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकली.

"अहो, तुमचं इंजिन चोरीला गेलंय!"

"इंजिन मागं असतं हिचं. डिकी पुढं."

"म्हणजे उलटी गाडी?"

"उलटीच. म्हणून तर परवडली."

डिकीत एक गोल खळगा होता, रिकामा. त्यात एक बारीक, पातळ चाक बसतं. मूळ गाडीबरोबर आलेलं. नाशिकच्या आधीच्या मालकानं ते कुठं हरवलं, देव जाणे. नेहमीचं रुंद चाक त्यात मावत नाही, आणि नवं पातळ चाक मुंबईहून मागवायचं तर… दुकानदारानं फोनवर किंमत सांगितली तेव्हा ललितला वाटलं, माणूस आपला मोबाइल नंबर सांगतोय.

हेमांगीची केळीच्या रोपांची नर्सरी जवळच होती. पंक्चरवाला वना येईपर्यंत दोघं तिथं हिरव्या जाळीच्या सावलीत बसले. ठिबकचं पाणी टप… टप… पडत होतं, कोवळी पानं हलत होती, आणि ललित आपली सगळी कहाणी सांगत सुटला होता. मुलगी ऐकणारी असली की पुरुषाला आपली कहाणी फार मोठी वाटते.

साठवलेलं होतं नव्हतं ते घालून त्यानं ही गाडी घेतली होती. नवरदेवांना मंडपात न्यायला. पहिलं बुकिंग ठरलं होतं जळगावात, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, हितेंद्रभाऊ डाळमिलवाल्यांच्या धाकट्या मुलाच्या लग्नाचं. पण हितेंद्रभाऊंचे हात एकदा पोळले होते. थोरल्याच्या लग्नात नवरदेवाच्या गाडीचं चाक बसलं, गाडीत स्टेपनी नव्हती, आणि नवरदेव भाजीच्या टेम्पोतून मंडपात आला. त्याच्या आधी मेथीच्या जुड्या उतरल्या. तेव्हापासून भाऊंचा एकच हेका — आधी स्टेपनी दाखव, मग नवरदेव बसेल.

"आणि नाही मिळाली तर?"

"तर वडिलांनी सांगितलंय, हे लाल खेळणं विकायचं आणि सुरतला मामाच्या कापडाच्या गोदामात उभं राहायचं. त्यांनी बोलणंही करून ठेवलंय."

"सुरत लांब आहे," हेमांगी म्हणाली.

तेव्हा ती नुसता भूगोल सांगत होती. पंधरवड्यानं हेच वाक्य म्हणताना तिचा आवाज चिरकला, ही गोष्ट वेगळी.

वनानं खिळा उपटला, भोक बुजवलं आणि बजावलं, "भाऊ, आज भागलं. पुढच्या खेपेला इथंच केळी खात बसावं लागेल."

"बसू की," असं ललित म्हणाला आणि उगीचच लाजला.

मग शोध सुरू झाला. ललित धुळ्याची भंगारं पालथी घालायचा. कागदी पुठ्ठ्याचा एक गोल त्यानं खळग्याच्या मापाचा कापून घेतला होता. तो काखेत मारून हा दिसेल त्या चाकाला लावून बघायचा. लोक म्हणायचे, पोरगा चांगल्या घरचा होता हो! इकडून हेमांगी फोनवर फोटो पाठवायची. बैलगाडीचं चाक. 'हे चालेल?' लहान बाळाच्या पांगुळगाड्याचं चाक. 'हे नक्की बसेल.' एकदा नुसतीच गोल ज्वारीची भाकरी. ललितनं उत्तर दिलं — 'ही चालेल. पण आणून द्यावी लागेल.'

त्यावर तिकडून आलं — 'ठेच्याबरोबर की भरताबरोबर?'

आता सांगा, अशानं चाक सापडतं का? चाक सोडून बाकी सगळं सापडत चाललं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी बोदवडच्या रुपचंद भंगारवाल्याचं नाव कुणीतरी सुचवलं. हेमांगीला त्याच दिवशी, योगायोगानं, बोदवडला एका गिऱ्हाइकाला रोपं दाखवायची होती. गिऱ्हाइकाचं नाव तिनं वाटेत तीनदा वेगवेगळं सांगितलं. ललितनं तीनही नावं खरी धरली.

रुपचंदनं पुठ्ठ्याचा गोल उलटसुलट पाहिला, गाडीचं पुढचं झाकण उघडायला लावलं आणि मांडीवर थाप मारली.

"अरे, हीच उलटी गाडी! बऱ्याच वर्षांमागं एक अशीच ठोकलेली माझ्याकडं आली होती. पार चुरा. पण हे बारकं चाक शाबूत होतं, कोरं. मी म्हटलं, याला घेणार कोण? तर सावद्याचे चुडामण आबा घेऊन गेले. केळीचे दोन घड देऊन."

"कशाला?" ललित पुढं सरकला.

"पोरीच्या झोक्याला."

हेमांगी आधी पांढरी पडली, मग लाल झाली. त्या गाडीइतकी.

"चुडामण आबा… माझे वडील," ती म्हणाली. "आणि ती पोरगी — मी."

परतीची वाट गाडीनं कशी कापली ते मला विचारू नका. रस्त्यातले खड्डे म्हणे स्वतः बाजूला होत होते.

अंगणातल्या निंबाला झोका टांगलेला होता. चार दोरांवर आडवी, गुबगुबीत गादी, आणि गादीवर कुंदाबाई — आबांची धाकटी बहीण, शिरपूरकडं दिलेली, आखाजीला माहेरी आलेली. आजूबाजूला माहेरवाशिणींचा गलका. ती गादी म्हणजेच चाक होतं. पोरींना टोचू नये म्हणून कुंदाबाई दर आखाजीला त्याच्यावर एक जुनं लुगडं गुंडाळायची, वर टाके घालायची. इतक्या वर्षांत चाकाचं लोड झालं होतं. हेमांगी त्यावर बसून लहानाची मोठी झाली, पण आपण कशावर बसतोय हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

ललितनं वाकून खालून एक कड उसवली. एक लुगडं… दुसरं… तिसरं… आणि आत काळंभोर रबर. ऊन न लागलेलं, रस्ता न पाहिलेलं. त्यानं पुठ्ठा लावला. तंतोतंत! बोल्टाची पाच भोकंसुद्धा जिथल्या तिथं. त्याच्या छातीतून असा सुस्कारा निघाला, की निंबाचा मोहोर झडला.

"आत मोटारसायकलची ट्यूब टाकली की झालं," तो पुटपुटला. "मावशी, मी हे —"

"ए! हात काढ." कुंदाबाई खाली उतरायचं नावच घेईना. "आखाजीना झोका सण सरेपर्यंत कोनी सोडस का? बठ्ठा गावले ठाऊक शे. तुले कसं ठाऊक नही? तू कोठला शे?"

"धुळाना, मावशी."

"धुळाना?" कुंदाबाईचा आवाज एकदम मवाळ झाला. सासरकडची अहिराणी बोली माहेरच्या अंगणात ऐकली, की बाई निम्मी विरघळते. तिनं ललितकडं पाहिलं, मग हेमांगीकडं. हेमांगी निंबाची साल खरवडत होती. कुंदाबाईनं पायानं हळूच झोका घेतला.

"एक रीत शे," ती म्हणाली. "आखाजीले जवाई जे मांगस, त्याले नही म्हनता येत नही. जवाई मांगी तर झोका बी सोडी देऊत. पन तू… कोना जवाई शे, भाऊ?"

माहेरवाशिणी तोंडाला पदर लावून खिदळल्या. ललितचे कान पेटले. एक शब्द बोलला की चाक हातात होतं. लग्न, बुकिंग, धुळं… सगळं त्या एका शब्दावर. त्यानं तोंड उघडलं आणि हेमांगीनं वर पाहिलं.

त्या नजरेत हसू नव्हतं. एकच प्रश्न होता — माझ्यासाठी म्हणशील, की चाकासाठी?

ललितनं उसवलेली लुगडी पुन्हा गुंडाळली. एकेक, नीट. हातानं थोपटलं.

"झोका राहू द्या, मावशी," तो म्हणाला. "मी हितेंद्रभाऊंना फोन करून नाही म्हणून सांगतो." मग तो हेमांगीकडं वळला. "आणि आता चाकाचा विषय संपला म्हणून विचारतो. मला — म्हणजे तुम्ही — मला तुम्ही फार आवडता, हेमांगी. सुरतला गेलो तरी आवडाल. सुट्टी मिळेल तेव्हा येत जाईन. एसटीनं. चालेल?"

झोक्याचा दोर तेवढा करकरत होता.

"नाही चालणार," हेमांगी म्हणाली.

ललितचा चेहरा असा पडला, की तो उचलायला माणूस लागला असता.

"सुरत लांब आहे," ती म्हणाली, आणि इथंच तिचा आवाज चिरकला. "आत्या, उतर. मी सोडते दोर."

"अवं पन रीत —"

"रीतीप्रमाणंच. मागा हो तुम्ही! बघत काय बसलात?"

"काय… मागू?"

"चाक!" साऱ्या माहेरवाशिणी एका सुरात ओरडल्या.

ओट्यावर आडवे झालेले चुडामण आबा इतका वेळ झोपेचं सोंग घेऊन होते. ते उठून बसले. "मले कोनी इचारलं का? पोरगी माझी, चाक माझं, दोन घड केळी माझी."

आबांनी टोपी डोक्यावर ठेवली, ललितला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आखाजीचा झोका रिकामा ठेवू नये. आधी फळी टाकून नवा झोका बांध. माझ्या बहिनीले पेलला पाहिजे. मंग ने चाक. पोरीचं उद्या पाहू."

एवढीच किंमत. ललित निंबावर असा चढला, जसं काही धुळ्यात सगळे झाडावरच राहतात. फळी बांधून झाली, कुंदाबाईनं तिच्यावर बसून चार हिसके दिले, आणि फळी टिकली. वनानं ट्यूब घालून हवा भरली, चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं. एकही बुडबुडा नाही.

दुसऱ्या दिवशी जळगावात हितेंद्रभाऊंनी स्वतः वाकून खळग्यात पाहिलं, चाकावर बुक्की मारली आणि मुलाला म्हणाले, "बस." नवरदेव मंडपाच्या दारात उतरला तेव्हा त्याच्या शेरवानीला घडी नव्हती आणि मेथीचा वास तर नव्हताच. वरातीतल्याच दोघांनी ललितचा नंबर मागून घेतला. त्यानं वडिलांना फोन केला. तिकडून आधी खोकला ऐकू आला, मग, "बरं. मामाला कळवतो मी, येत नाहीस म्हणून."

ऊन कललं तशी लाल गाडी सावद्याच्या अंगणात आली. हेमांगी दारात उभी, केसांत मोगरा, तोंडावर 'मी काही वाट पाहत नव्हते'चा भाव. ती गाडीकडं दोन पावलं आली, तोच आबा पुढं झाले. दार उघडून, गुडघे हनुवटीला लावून, ते शेजारच्या आसनावर बसले.

"चल. तापीच्या पुलापर्यंत."

गाडी गेली. माहेरवाशिणींनी गाणी थांबवली. हेमांगीनं ओढणीच्या टोकाला गाठी मारल्या आणि सोडल्या, मारल्या आणि सोडल्या. बऱ्याच वेळानं धूळ दिसली, मग लाल रंग दिसला.

आबांना बाहेर काढायला दोघं लागले.

"काय दादा?" कुंदाबाईनं विचारलं.

"गाडी पार जमिनीत गेलेली हाये. माझी कंबर मोडली." आबांनी टोपी झटकली. "पन पोरगा बरा हाये. खड्डा दिसला की आधी मले धरत होता, मंग स्टेअरिंगले. आमरस वाढा त्याले. जवाई उपाशी ठेवता का सणाच्या दिवशी?"

अंगणात एकदम हसू फुटलं. कुणी पाट आणायला धावलं, कुणी सांजोऱ्या. त्या गडबडीत हेमांगी गुपचूप गाडीत जाऊन बसली. ललित तिच्याकडं पाहत राहिला, किल्ली फिरवायचं विसरून.

"कुठं जायचं?" त्यानं विचारलं.

तिनं लांब श्वास सोडला… मान मागं टेकली आणि डोळे मिटून हसली.

"कुठंही ने," ती म्हणाली. "आता पंक्चर झालं तरी चालेल मला."